मधलं तेवढं बघा

आमच्या कॉलेजात मी नेमकी कुणाची, हे अजून ठरलेलं नाही. नोकरी कॉम्प्युटर विभागात, कारण एम.सी.ए. झालंय. पीएच.डी. समाजशास्त्रात, कारण तेव्हा डोकं तिकडं वळलं. त्यामुळं कॉम्प्युटरवाले मला 'समाजवाल्या मॅडम' म्हणतात, आणि समाजशास्त्राचे गवळी सर जिन्यात भेटले की विचारतात, काय म्हणतंय तुमचं कॉम्प्युटर? मी म्हणते, बरं आहे. दुसरं काय म्हणणार? मी राजेश्वरी हत्तुरे. वय सांगत नाही, पण रागाचं सांगते. त्याला आता सहा-सात वर्षं झाली.

राग एका विषयाचा आहे. सामाजिक माहितीशास्त्र, इंग्रजीत सोशल इन्फॉर्मेटिक्स. युरोप-अमेरिकेत चाळीस वर्षं तो शिकवतात. त्याची नियतकालिकं निघतात, परिषदा भरतात, पोरं त्यात डॉक्टर होतात. आणि सोलापुरात त्याचं नाव काढलं की समोरचा माणूस घड्याळ बघतो. खरं तर गोष्ट साधी आहे. यंत्र आलं की माणसं त्याचं काय करतात, आणि माणसांच्या हातात पडल्यावर यंत्राचं काय होतं, एवढं बघायचं. अक्कलकोटला आईला मी हे एकदा कानडीत समजावून सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ह्याला पगार देतात?

आईचं ठीक आहे. पण आमचे प्राचार्य, कलशेट्टी सर! माणूस वाईट नाही, कुणालाच नाही म्हणत नाही, हीच त्यांची खोड. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सर म्हणाले, वा वा, काळाची गरज आहे, दोन्ही विभागांची संमती आणा. कॉम्प्युटरचे विभागप्रमुख बिराजदार सर म्हणाले, मॅडम, ह्यात कोडिंग कुठंय? गवळी सर म्हणाले, मॅडम, ह्यात समाज कुठंय, सगळी मशिनंच दिसतायत. परत प्राचार्यांकडं गेले, तर म्हणाले, थोडं इन्स्टाग्राम घाला, पोरं येतील. मी इन्स्टाग्राम घातलं नाही. दरवर्षी प्रस्ताव द्यायचा, दरवर्षी त्यावर 'पुढील बैठकीत' असा शेरा यायचा, आणि मी पुन्हा सगळा मजकूर नव्यानं टाइप करायची. दगडावर डोकं आपटलं तर निदान आवाज तरी येतो, इथं तोही नाही.

मग नवं शैक्षणिक धोरण आलं आणि सगळ्यांनाच नवे विषय हवेसे झाले. ज्यांनी माझ्या प्रस्तावावर चहाचे कप ठेवले होते तेच आता विचारायला लागले, मॅडम, तुमचं ते काहीतरी होतं ना? यंदा अकॅडमिक कौन्सिलच्या बैठकीत माझा विषय रीतसर येणार असं ठरलं. आणि ह्या खेपेला माझ्याजवळ पिंकी होती.

पिंकी जवळच्या कुंभारी गावची. आमच्या संशोधन केंद्रात माझ्या हाताखाली पीएच.डी. करते. वडील भीमा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवतात. घरची थोडी कोरडवाहू जमीन भाऊ बघतो. पोरगी हुशार, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हट्टी. विषय मंजूर झाला तर तिचा प्रबंध ह्या विषयातला म्हणून पुढं जाणार होता, सोलापुरातला पहिला. नाही झाला तर तिला बिराजदार सरांकडं जावं लागणार होतं. ते तिला काय करायला लावतील हे आम्हां दोघींना ठाऊक होतं. ॲप किती अचूक चालतं ते मोज आणि तक्ते काढ.

कारण तिचा अभ्यास बिराजदार सरांच्याच ॲपवर होता. सरांच्या पोरांनी दोन वर्षांमागं ह्या टॉवेलच्या कारखान्यासाठी हजेरीचं ॲप बनवलं. मालक कॉलेजचे माजी विद्यार्थी, त्यामुळं गाजावाजा जोरात झाला. सकाळी पाळीवर येताना मुकादमाच्या मोबाईलसमोर चेहरा दाखवायचा, संध्याकाळी जाताना परत दाखवायचा. चेहरा पटला की हिरवी खूण. महिनाभर एकही दिवस चुकला नाही तर हजेरीचा बोनस. ॲप आल्यापासून हजेरी एकदम शंभर टक्के झाली. कारखान्याच्या फाटकावर सरांचा सत्कार झाला, फेटा बांधून. तो फोटो आमच्या विभागाच्या भिंतीवर आहे आणि मी त्याच्या खालीच बसते.

पिंकीनं वर्षभर जाऊन-येऊन बघितलं तेव्हा कळलं ते असं. लूमवर बदलीची पद्धत जुनी आहे. कुणाचं दवाखान्याचं काम असेल, कुणाच्या पोरीला बघायला पाहुणे येणार असतील, तर त्यानं आपल्या जागी मेव्हणा, भाऊ, कुणी तरी काम येणारा माणूस उभा करायचा. लूम थांबत नाही, माल निघतो, मुकादमाची ना नसते. ॲप आलं आणि ही बदली बंद पडणार असं सगळ्यांना वाटलं. ती बंद पडली नाही. माणसं सकाळी येतात, चेहरा दाखवतात, हिरवी खूण घेतात आणि मागच्या फाटकानं निघून जातात. बदलीचा माणूस लूमवर उभा राहतो. संध्याकाळी पहिला माणूस परत येऊन चेहरा दाखवून जातो. भीमानं लेकीला हे सांगितलं तेव्हा त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. तो म्हणाला, "सकाळी तोंड दावायचं, सांच्याला दावायचं. मधलं तेवढं पावणा बघतोय."

हे ऐकून मी खुर्चीतून उठलेच. अगं, हाच तर आपला विषय! बिराजदार सरांना पडद्यावर हिरव्या खुणा दिसतात, माणूस दिसत नाही. गवळी सरांना पाहुणेरावळे दिसतील, ॲप दिसणार नाही. ॲपमुळं बदली मोडली नाही, उलट बदलीनंच ॲप जगवलं. बदली नसती तर हजेरी ढासळली असती आणि मालकानं ॲप कधीच काढून टाकलं असतं. हे बघायला दोन्हीकडचे डोळे लागतात. मी पिंकीला चहा पाजला, वर भजीही मागवली. बैठकीत हे एकच उदाहरण सांगायचं, बास.

पिंकीनं भजी खाल्ली नाहीत.

"मॅडम, बदलीचं सांगू नका," ती म्हणाली.

मी म्हटलं, नावं घेणार नाही. कारखान्याचंही नाव घेणार नाही.

"नाव कशाला पायजे? ॲप कुणाचं, हे समद्या कॉलेजला ठाव हाय. मालक बिराजदार सरांच्या रोजच्या बोलण्यातले. संध्याकाळपर्यंत तितं पोचतंय. मग दुपारला पण तोंड दाखवा म्हणतील. आमच्या मामाला बदलीवरच काम हाय मॅडम, त्याला दुसरं न्हाय. आन आबा आजारी पडले तर त्यांच्या लूमवर कोन?"

मी तिला सांगितलं की मग तुझा प्रबंध गेला. ती म्हणाली, व्हय. मी म्हटलं, माझी सहा-सात वर्षं गेली. ती नुसती कपाकडं बघत बसली. खरं सांगते, त्या वेळी मला तिचा एवढा राग आला की उठून निघून जावं असं वाटलं. इतकं चांगलं हाती लागलेलं, आणि नेमकं तेच उघडता येत नाही! माझा पदर पकडून कुणी तरी मागं ओढतंय असं झालं. पण ती म्हणत होती त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी शब्द दिला. भजी मीच संपवली, रागाच्या भरात, आणि रात्रभर जळजळ सोसली.

बैठकीच्या दिवशी उन्हानं नुसता वैताग आणला होता. सभागृहातला एसी दरवर्षीप्रमाणं दुरुस्तीला गेलेला. प्राचार्य मध्ये, एका बाजूला गवळी सर, दुसऱ्या बाजूला बिराजदार सर, आणि पुण्याहून आलेले बाहेरचे सदस्य रुमालानं मान पुसत बसलेले. पिंकी माझ्यासोबत मागच्या खुर्चीवर होती. माझ्या आधी बिराजदार सरांचं सादरीकरण होतं, विभागानं समाजासाठी काय केलं ह्यावर. अर्थातच ॲप. पडद्यावर आलेख आला, डोंगर चढावा तसा वर जाणारा, आणि मग टेबलासारखा सपाट.

सर म्हणाले, "ही कुंभारीच्या जत्रेची तारीख बघा. निम्मे कामगार तिकडचे. पूर्वी जत्रेला कारखाना ओस पडायचा. यंदा शंभर टक्के हजर. तंत्रज्ञानानं शिस्त लागते, ती अशी."

टाळ्या पडल्या. गवळी सरांनी सुद्धा वाजवल्या, ज्यांनी समाजशास्त्रात हयात घालवली! जत्रेच्या दिवशी कुंभारीचा माणूस लूमवर उभा राहील? अहो, मुंबई-पुण्याला गेलेली माणसं त्या दिवशी गावात येतात. त्या दुपारी भीमा पालखीपुढं होता आणि त्याच्या लूमवर पिंकीचा मामा. नुसतं एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. ते जिभेवर येऊन बसलं होतं. मी मागं वळून पाहिलं. पिंकी पडद्याकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

माझी पाळी आली. बोलले मी, जेवढं बोलता येत होतं तेवढं. विषय कसा जन्मला, कुठं कुठं वाढला, कॉम्प्युटरवाल्यांना आणि समाजशास्त्रवाल्यांना एकमेकांची गरज का पडली. पुण्याचे सदस्य भले गृहस्थ, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, "मॅडम, मला एकच सांगा. ह्या सरांच्या आलेखात जे दिसत नाही आणि तुमच्या विषयाला दिसतं, असं काय आहे?"

देवा रे. सबंध जगात दुसरा आलेख नव्हता का ह्यांना?

मी पडद्याकडं बघितलं. तो अजून तिथंच होता, जत्रेच्या तारखेवर लाल गोल काढलेला. मी म्हटलं की, ह्या आलेखाबद्दल आत्ता काही सांगता येणार नाही, दुसरं उदाहरण देते. आणि ते बायकांच्या बँक खात्याचं दिलं. खातं बाईचं, मोबाईल पोराचा, ओटीपी पोराच्या मोबाईलवर, म्हणजे पैसे कुणाचे? उदाहरण चांगलं आहे, पण मी ते ओढूनताणून सांगितलं आणि माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. पुण्याचे सदस्य म्हणाले, हे महत्त्वाचं आहे, पण ही डिजिटल साक्षरता झाली, ह्याला स्वतंत्र विषय कशाला? एन.एस.एस.च्या शिबिरात घेता येईल. बिराजदार सर मदतीला धावले. म्हणाले, मॅडमची तळमळ आहे, आपण आमच्या पेपरात एक घटक टाकू, 'संगणक आणि समाज'. मी शिकवीन.

मी शिकवीन! ह्या माणसानं!

ठराव झाला. सहा-सात वर्षांची बोळवण एका ओळीत. प्राचार्य मला म्हणाले, अभिनंदन मॅडम, सुरुवात तर झाली. मी हात जोडले, कारण तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं ते माझं मलाच माहीत नव्हतं. बाहेर व्हरांड्यात पिंकी उभी होती. ती थँक्यू म्हणाली. मला तिला जवळ घ्यावंसंही वाटलं आणि दोन द्याव्याशाही वाटल्या. मी म्हटलं, सोमवारपासून बिराजदार सरांकडं जा, तक्ते काढायला शिक. तिनं मान हलवली. डोळे भरले होते तिचे, माझेही. पण रडायला तरी ऐसपैस जागा लागते, आणि आमच्या व्हरांड्यात सतत कुणी ना कुणी नमस्कार मॅडम करत जात असतं.

संध्याकाळी थम्ब करायला गेले. आमच्या ऑफिसच्या दारात बोट लावायचं मशीन आहे. सकाळी येताना बोट, संध्याकाळी जाताना बोट, त्यावरच आमची हजेरी. तिथं बिराजदार सर उभे होते, मोकळे, हसतमुख. मनात काही ठेवू नका म्हणाले. मी म्हटलं, छे छे. मग इकडं तिकडं बघून ते जवळ आले.

"मॅडम, गुरुवारी स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोटला जायचंय, घरचे मागं लागलेत. माझं तिसऱ्या वर्षाचं लेक्चर घ्याल का? सकाळी थम्ब करूनच निघतो, संध्याकाळी थम्बला परत येतोच. मधलं तेवढं बघा."

मी मशीनवर बोट ठेवलं.

एक शब्द इकडचा तिकडं नाही. भीमानं जे सांगितलं तेच, तसंच, फक्त पावण्याच्या जागी मी. आणि हे काय पहिल्यांदा आहे? गवळी सरांच्या मुलीच्या साखरपुड्याला निम्मा स्टाफ थम्ब करून होटगी रोडच्या मंगल कार्यालयात जेवत होता. आईला दवाखान्यात न्यायचं तेव्हा मी स्वतः असंच केलंय, बिराजदार सरांनी माझं लेक्चर घेतलंय, चांगलं घेतलंय. कॉलेजचा एकूण एक माणूस हे करतो. सभागृहात बसलेला प्रत्येक जण हे करतो! मी पिंकीला वर्षभर एमआयडीसीच्या धुरळ्यात फिरवलं, लूमपाशी उभं केलं, आणि हे मशीन आमच्या दाराशी भिंतीला लटकतंय. पुण्याच्या सदस्यांनी विचारलं तेव्हा नुसतं दाराकडं बोट दाखवलं असतं तरी झालं असतं. भीमाचं नाव नाही, कारखान्याचं नाही, कुणाच्या पोटावर पाय नाही. सगळे हसले असते आणि विषय मंजूर झाला असता. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ह्या वेळी आग लावणारी मीच.

"घेते की, सर," मी म्हटलं. "जाऊन या निवांत."

गुरुवारी तिसऱ्या वर्षाचा वर्ग गच्च भरला होता, कारण बिराजदार सर हजेरी कडक घेतात. मी पिंकीला मागच्या बाकावर येऊन बस म्हटलं होतं. ती वही घेऊन बसली होती. सरांनी डेटाबेसची प्रकरणं काढून ठेवली होती, ती मी टेबलावर तशीच राहू दिली. फळ्यावर मोठ्या अक्षरात 'सामाजिक माहितीशास्त्र' लिहिलं. एका पोरीनं लगेच हात वर केला. मॅडम, हे परीक्षेला आहे का? मी नाही म्हटल्याबरोबर निम्म्या वर्गानं वह्या मिटल्या. मिटा म्हटलं, लेको, कान तर मिटत नाहीत.

मनात एकदा आलं की हे सरांच्या कानावर जाणार. जाऊ दे. फार तर ते माझ्याशी आठवडाभर बोलणार नाहीत. त्यांची नोकरी कायम आहे, स्वामी पाठीशी आहेत, प्राचार्य स्वतः त्याच मशीनला बोट लावून लग्नांना जातात. कुणी कुणाचं काही करणार नाही. ही चैन भीमाला नाही, आणि मला आता कुठं कळत होतं की उदाहरण कुणाचं द्यायचं, हा विषयाचा पहिला धडा आहे.

"एक प्रश्न विचारते," मी म्हटलं. "बिराजदार सर आज कॉलेजात हजर आहेत का?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. पुढच्या बाकावरची नाही म्हणाली. दुसरा एक म्हणाला, मॅडम, सकाळी मी सरांना ऑफिसच्या दारात बघितलंय, थम्ब करताना. कुणी म्हणालं, गाडी तर नाहीय. गलका वाढत गेला, मिटलेल्या वह्यांवर कोपरं टेकवून पोरं वाद घालायला लागली, आणि मग मागून एक जाडा आवाज आला.

"मशीनमध्ये हायत की, मॅडम."

सगळा वर्ग हसला. पिंकीही हसली, बैठकीनंतर पहिल्यांदाच. मी हसू दिलं त्यांना, पोटभर, आणि हसणं ओसरल्यावर विचारलं, मग त्यांच्या जागी इथं उभं कोण आहे?

मग मघाशी परीक्षेचं विचारणाऱ्या पोरीनं सावकाश वही उघडली.